‘दोन मुठी टीसीएल, एक खडा तुरटी’: तलावाच्या पाण्याबद्दल फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

उन्हाळा तोंडावर आला की शेतघरांत बांधलेल्या पोहण्याच्या लहान तलावांविषयीचा एक मजकूर आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला आणि तिसऱ्यांदा पाठवणारे आमचे दाजी असल्यामुळे उत्तर देणे भाग पडले. मजकुराचा सारांश असा: तलावाची रसायने म्हणजे शहरी दुकानदारांची लूट आहे, रोज सकाळी उन्हात दोन मुठी टीसीएल पावडर टाकावी, आठवड्याला तुरटीचा खडा फिरवावा, शंभर लिटरला पाव किलो या हिशेबाने खडे मीठ आणि शेवाळ आल्यास मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पुरचुंडी सोडावी, क्लोरीनचा वास आला म्हणजे पाणी शुद्ध झाले, डोळे चुरचुरले तर क्लोरीन जास्त झाले असे समजून दोन दिवस काही टाकू नये, तळ दिसत असेल तर तपासणीची गरज नाही, उडालेले पाणी बोअरने भरत राहिल्यास वर्षभर पाणी बदलावे लागत नाही, गरम पाण्याच्या टबालाही हेच सारे लागू आहे.

औशाजवळच्या शेतात माझा स्वतःचा तलाव आहे, २० फूट लांब, १० फूट रुंद, ४ फूट खोल. त्यात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावते आणि ते सगळे बोअरचे आहे. पुढचे हिशेब याच तलावाचे आहेत.

आरंभी मजकुराच्या बाजूने जेवढे बोलता येते तेवढे बोलून घेतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि तिच्यातला क्लोरीन महागड्या डब्यातल्या क्लोरीनपेक्षा वेगळा नसतो. आकर्षक वेष्टणात मिळणारी ‘अल्कलिनिटी वाढवणारी पावडर’ हा बहुधा खाण्याचा सोडाच असतो, आणि सामू, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा दाखवणारा पीएच, उतरवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातले ॲसिड चालते. तेव्हा लुटीचा आरोप अगदीच निराधार नाही. चूक आहे ती ‘मुठीत’.

टीसीएलमध्ये ताजी असताना वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल आणि उष्णता लागली की तो उतरत जातो. मी माझी मूठ काट्यावर टाकून पाहिली तेव्हा ती ७० ग्रॅम भरली. दोन मुठींत साधारण ४६ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे माझ्या तलावात २ पीपीएम, अर्थात लिटरमागे २ मिलिग्रॅम. पोहण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे मळाशी बांधला न गेलेला मोकळा क्लोरीन, १ ते ३ पीपीएम असावा, हे प्रमाण लक्षात घेता मजकूर माझ्यापुरता योगायोगाने बरोबर ठरतो. पण त्याच दोन मुठी कुणी ५,००० लिटरच्या हौदात टाकल्या तर मात्रा ९ पीपीएमच्या वर जाते, आणि ५०,००० लिटरच्या तलावात ती १ पीपीएमलाही पोचत नाही. मजकुरात तलावाच्या आकाराचा उल्लेखच नाही. शिवाय पावडर मुठीने घेऊच नये. ती कातडी आणि डोळे दोन्ही पोळते.

‘सकाळी उन्हात’ ही सूचना तर थेट नुकसानीची आहे. ऊन आणि क्लोरीन मिळून जंतू मारतात असे कारण मजकुरात दिले आहे. प्रत्यक्षात उन्हातले अतिनील किरण क्लोरीनलाच मोडतात, आणि स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, नसलेल्या उघड्या पाण्यात मोठा भाग दोन-तीन तासांत निघून जातो. एप्रिलमधले आमचे ऊन डोळ्यांपुढे आणा आणि सकाळी नऊला टाकलेल्या पावडरीचे दुपारी मुले पाण्यात उतरेपर्यंत काय उरत असेल ते ठरवा. पावडर सूर्यास्तानंतर टाकावी. तीही कोरडी भिरकावू नये, कारण तिच्यात चुना असतो. गावात जलसुरक्षक पाण्याच्या टाकीसाठी करतो तसे बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी ओतावी. हे मी पहिल्या उन्हाळ्यात केले नाही. किलोभर पावडर कोरडीच फेकली आणि तलाव दोन दिवस ताकासारखा पांढरा राहिला.

आता वासाविषयी, कारण सगळ्या मजकुरात सर्वांत खोल रुजलेला आणि सर्वांत उलटा समज हाच आहे. ज्याला आपण तलावाचा क्लोरीनचा वास म्हणतो तो मुक्त क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगाचा मळ यांतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीन बांधला गेला की क्लोरामाइन तयार होतात; नाकाला झोंबणारा वास त्यांचा असतो, डोळे चुरचुरतात तेही बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच. बांधला गेलेला क्लोरीन जंतूंवर फार मंद चालतो. म्हणजे वास येणे ही पाणी शुद्ध झाल्याची नव्हे, मुक्त क्लोरीन कमी पडू लागल्याची खूण आहे, आणि नेमक्या त्याच वेळी दोन दिवस काही टाकू नका असे सांगणे म्हणजे ताप वाढलेला पाहून औषध बंद करणे होय.

यातली मेख मापनात आहे. ग्रामपंचायतीत जी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी होते, जिच्यात थेंब टाकताच पाणी पिवळे होते, ती पिण्याच्या पाण्यासाठी सोयीची आहे. परंतु तो पिवळा रंग मुक्त आणि बांधलेला क्लोरीन यांत भेद करीत नाही. माझ्याकडे भाचे मंडळी येऊन गेली त्या रविवारी ओटीच्या बाटलीत छान पिवळा रंग आला होता आणि तरीही मुलांचे डोळे लाल होते. मग मुक्त आणि एकूण क्लोरीन वेगवेगळा दाखवणाऱ्या डीपीडीच्या गोळ्यांनी तपासले. पहिल्या गोळीला पाणी फिक्कट गुलाबी झाले, मुक्त क्लोरीन ०.४, त्याच नळीत दुसरी गोळी विरघळताच रंग गडद होत गेला, एकूण १.६. मधला फरक १.२ पीपीएम, हा सगळा बांधलेला. तो मोडून काढायचा तर त्याच्या साधारण दहापट, म्हणजे १२ पीपीएम क्लोरीन एकदम द्यावा लागतो. माझ्या तलावाला सुमारे ८२० ग्रॅम ताजी टीसीएल. ती संध्याकाळी दिली, पंप रात्रभर चालू ठेवला आणि क्लोरीन पुन्हा ३ पीपीएमच्या आसपास उतरेपर्यंत कुणालाही पाण्यात जाऊ दिले नाही. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने साबण लावून अंग धुतले असते तर या सोपस्काराची बहुधा गरजही पडली नसती. डोक्याला तेल थापून थेट उडी मारणाऱ्या पाहुण्याला अडवणे मात्र रसायनशास्त्रापेक्षा अवघड आहे.

मजकुरात सामूचा एक शब्दही नाही. माती परीक्षणाचा अहवाल वाचणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सामू ठाऊक असतो, तरी तलावापाशी आल्यावर तो विसरला जातो याचे मला आश्चर्य वाटते. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो आणि त्यांतले जंतू झपाट्याने मारणारे रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. सामू ७.२ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला जेमतेम पाव, आणि ८.५ ला दहावा हिस्साही नाही. म्हणून सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखायचा असतो.

आमच्या बोअरच्या पाण्याची अडचण इथेच सुरू होते. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर आले, ढवळले गेले की तो निघून जातो आणि सामू आपोआप चढतो. माझ्या मोटारीच्या तोंडाशी सामू ७.२ भरतो आणि तेच पाणी तलावात दोन दिवस खेळले की ८.२. त्यात चुनायुक्त टीसीएल रोज पडली की तो आणखी वर सरकतो. मुठींमागून मुठी वाढवूनही पाणी हिरवे का होते, असे विचारणाऱ्यांनी क्लोरीनच्या आधी सामू मोजावा. उतरवण्यासाठी मी हार्डवेअरच्या दुकानातले ॲसिड एका वेळी पाव लिटरच घेतो, बादलीभर पाण्यात ते ओततो, ॲसिडात पाणी कधीच ओतत नाही, पंप चालू ठेवून खोल बाजूला हळूहळू सोडतो आणि पाच-सहा तासांनी पुन्हा मोजतो. ॲसिड आणि टीसीएल एका बादलीत, एका मगाने किंवा एका फळीवरही आणू नये. दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. मजकुराच्या एका आवृत्तीत ‘दोन्ही कालवून टाका, काम लवकर होते’ अशी भर आहे. ती कुणी घातली असेल त्याने कृपया काढून टाकावी.

तुरटीने पाणी नितळते, जंतू मरत नाहीत. गढूळ कण गोळा करून तळाशी बसवणे एवढेच तिचे काम. तो गाळ पाइप लावून बाहेर ओढला नाही तर पहिल्या उडीला पुन्हा वर येतो.

मोरचुदाचे नाव आले की आमच्याकडे द्राक्षवाल्यांना आणि मोसंबीवाल्यांना मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक बोर्डो मिश्रण आठवते. शेवाळावर तांबे चालते हे खरे, पण आपल्याला ज्या जिवाणूंची भीती आहे त्यांच्यावर ते फार सावकाश चालते, पाण्यातून ते उडून जात नाही, भिंतींवर डाग पाडते आणि फिकट केसांना हिरवी झाक आणते. जिथे सामू व क्लोरीन जागेवर असतात तिथे शेवाळ सहसा धरतच नाही.

मिठाच्या हिशेबाने मला खरोखर राग आला. शंभर लिटरला पाव किलो म्हणजे माझ्या तलावात ५६ किलो मीठ. मिठावर चालणारे तलाव असतात, परंतु तिथे विजेचे यंत्र त्या मिठापासून क्लोरीन तयार करते. यंत्राविना मीठ म्हणजे निव्वळ खारट पाणी, आणि तेही समुद्राच्या चौदाव्या हिश्शाइतके, ज्यात जंतू मजेत जगतात. मजकुराचा लेखक पुढे ‘जुने पाणी झाडांना सोडा’ असेही सुचवतो. सोडियमने काळ्या मातीची घडण विस्कटते, ती चिबडते आणि पाणी मुरू देत नाही. बिनमिठाचे पाणी क्लोरीन शून्यावर उतरल्यानंतर झाडांना देता येते. हे ५६ किलोवाले देऊ नये.

तळ दिसतो म्हणून पाणी निर्धोक, या विधानात अर्धे सत्य आहे. तळ स्पष्ट दिसलाच पाहिजे, कारण बुडणारे मूल दिसण्याचा दुसरा मार्ग नाही. पण रोगजंतू नितळ पाण्यातही असतात. १ पीपीएम मुक्त क्लोरीन आणि ७.५ सामू असलेल्या २५ अंशांच्या पाण्यात ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए च्या विषाणूला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डिया या परजीवीला ४५, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा हगवणीचा परजीवी दहा दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणून हगवण लागलेल्या मुलाला, पाणी कितीही स्वच्छ दिसो, तलावात उतरवू नये.

राहिला पाणी कधीच न बदलण्याचा मुद्दा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्यात हा मोह मी समजू शकतो. त्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते, म्हणजे माझ्यासारखे जेमतेम बावीस तलाव. अशा मुलखात खासगी तलाव असावाच का, हा प्रश्नही मला कुणी विचारला तर मी रागावणार नाही. पण उडून जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडतात असे धरले तर माझ्या तलावात रोज सुमारे १५० लिटर तूट पडते, ६० दिवसांत जवळपास ९,००० लिटर. ती ५०० पीपीएम कठीणपणाच्या, म्हणजे तेवढे चुन्यासारखे क्षार असलेल्या, बोअरच्या पाण्याने भरली, तर दोन महिन्यांत तलावाचा कठीणपणा आणखी २०० पीपीएमने चढतो. तो २०० ते ४०० पीपीएम असावा, अशी अपेक्षा असते. मग फरश्यांच्या सांध्यांवर पांढरी खरबरीत पुटे धरतात आणि फिल्टरमधली वाळू दगडासारखी होते. यावर उपाय दोनच: पावसाळ्यात पत्र्यावरचे स्वच्छ पाणी पाइपने तलावात घेणे, आणि उन्हाळ्यात वापर नसताना ताडपत्री अंथरून तूट कमी करणे. तलावातल्या पाण्याचा काही भाग तरीही अधूनमधून बदलावा लागतो. टीसीएलऐवजी टीसीसीए, म्हणजे स्टॅबिलायझर जोडलेल्या क्लोरीनच्या, गोळ्या वापरणाऱ्यांना तर हा बदल चुकतच नाही, कारण त्या गोळ्यांतून येणारा स्टॅबिलायझर साठत जातो आणि ३० ते ५० पीपीएमच्या पुढे क्लोरीनलाच सुस्त करू लागतो.

गरम टबाला हेच नियम लावणे सर्वांत धोक्याचे. १,२०० लिटरच्या टबात चार माणसे बसणे म्हणजे माझ्या तलावात ७५ माणसे उतरण्यासारखे आहे. ४० अंशांच्या पाण्यात क्लोरीन झपाट्याने संपतो, स्यूडोमोनास या जिवाणूला ते तापमान मानवते आणि दोन दिवसांनी अंगावर पुरळ उठते. तिथे मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम लागतो, तो बसण्याआधी प्रत्येक वेळी मोजावा लागतो आणि पाणी वरचेवर पूर्ण बदलावे लागते.

हे सगळे दाजींना लिहून पाठवले आणि त्यांच्या तलावाचा सामू विचारला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सामू मोजण्याच्या फिनॉल रेड या रंगद्रव्याच्या नळीचा फोटो धाडला: रंग तक्त्यावर कुठेच नसलेला, गडद जांभळा. सामू ८.४ च्याही वर असेल तर असे होते. पण क्लोरीन फार जास्त असेल तर तो फिनॉल रेडलाच बदलून टाकतो आणि खोटा जांभळा रंग दिसतो. आदल्या संध्याकाळी किती टाकली होती, असे विचारले तेव्हा उत्तर आले, ‘चार मुठी.’ दोन दिवस ऊन लागू द्या, क्लोरीन ५ पीपीएमच्या खाली उतरल्यावर पुन्हा मोजा आणि तोवर ॲसिडला हात लावू नका, असे मी त्यांना कळवले आहे.