‘जीएल-५ म्हणजे जीएल-४ चा बाप’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मेकॅनिक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही’ अशा मथळ्याचा गिअरबॉक्स ऑइलवरचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग तोच चिपळूणच्या मावसभावाने पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, जीएल-५ चा डबा आणून ठेवलाय, रविवारी घालू ना?” जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे वर्ग. त्याची मारुतीची ईको व्हॅन आहे, घर त्या गाडीवर चालतं. म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिअरबॉक्स सीलबंद असतो, ऑइल गाडीच्या जन्मभराचं असतं. तरी बदलायचंच असेल तर जीएल-५ घ्या, तो जीएल-४ चा बाप आहे. आवाज येत असेल तर १४० नंबरचं जाड ऑइल घाला. जुनं ऑइल काढलं की लिटरभर डिझेल ओतून दहा मिनिटं गाडी गिअरमध्ये चालवा, आतून चकाचक होईल. गिअर ऑइल नाही मिळालं तर इंजिन ऑइल चालतं. वास मारणारं ऑइल नकली. आणि भरताना थोडं जास्तच भरा.

आधी जीएल-५ चं बघू, कारण डबा घरात येऊन पडलाय.

जीएलचे हे वर्ग अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एपीआयचे. मॅन्युअल ट्रान्समिशन (हाताने गिअर टाकायचा गिअरबॉक्स), ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स आणि चाकांना जोर देणारे गिअर एकाच पेटीत) आणि ॲक्सल (चाकांना फिरवणारा आस) यांच्या वंगणांसाठी त्यांचं १५६० क्रमांकाचं प्रकाशन आहे. त्यात जीएल-५ कुठल्या कामासाठी ते लिहिलंय: ॲक्सलमधले गिअर, विशेषतः हायपॉइड गिअर, जे वेगात धक्के खातात किंवा कमी वेगात प्रचंड जोर ओढतात. मॅन्युअल गिअरबॉक्सचा त्यात उल्लेखच नाही. जीएल-४ च्या वर्णनात मात्र काही निवडक मॅन्युअल ट्रान्समिशन आणि ट्रान्सॲक्सलमध्ये हे वापरता येतं असं स्पष्ट म्हटलंय, आणि लगेच पुढे गाडीच्या उत्पादकाने सांगितलंय तेच पाळा असंही. चौथी पास झालं की पाचवी, अशी ही शाळेची इयत्ता नाही. तसं असतं तर जीएल-६ सगळ्यांच्या डोक्यावर बसला असता. तोही वर्ग होता. एपीआयने तो कधीच कालबाह्य ठरवला. त्याचा डबा का नाही शोधला मग?

हायपॉइड म्हणजे काय हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीत, पिनिअन (छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) बरोबर मध्यावर नसतो, थोडा खाली असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, लांबीच्या दिशेने घासत सरकतात. एवढ्या दाबाखाली ऑइलचा थर फाटतो. तो फाटला तरी धातू धातूला चिकटू नये म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात, ती तापली की पोलादावर स्वतःचा थर धरतात. जीएल-४ मध्ये ही रसायनं साधारण निम्मी असतात.

आता गिअरबॉक्समध्ये बघा. तुम्ही तिसऱ्यातून दुसरा टाकता तेव्हा स्लीव्ह (गिअरला जोडणारी सरकती कडी) आधी सिंक्रो रिंगला, म्हणजे वेग जुळवणाऱ्या रिंगला, ढकलते. ही रिंग बऱ्याच गाड्यांत पितळी असते, आणि तिच्या आतल्या बाजूला केसाएवढे बारीक आटे असतात. ते आटे ऑइलचा थर कापतात, रिंग गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या भागावर) घट्ट बसते, क्षणभर घासते, दोघांचा वेग जुळतो आणि मग स्लीव्ह दातांवरून पुढे सरकते. हे सगळं हाताला जेमतेम जाणवतं. म्हणजे इथे घर्षण हवंय! ऑइल डिफरन्शियलच्या हिशोबाने बनवलेलं असेल तर रिंग कोनाला धरायला वेळ घेते, वेग जुळायच्या आत स्लीव्ह पुढे जाते आणि कर्रकन आवाज येतो. वर ते सक्रिय गंधक तापल्यावर पितळ खातं ते वेगळंच. गिअर लागण्यातला फरक लवकर कळतो, पितळाची झीज सावकाश होते आणि गिअरबॉक्स उतरवला की बिलात दिसते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. हल्लीच्या काही जीएल-५ मध्ये पितळ सांभाळणारी रसायनं असतात. जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेले डबेही मिळतात. शिवाय सुबारूसारखी कंपनी तिच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांना स्वतःच जीएल-५ सांगते, कारण त्यांचा पुढचा हायपॉइड डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत, त्याच ऑइलमध्ये फिरतो. पण ते त्या गिअरबॉक्सपुरतं. आपल्याकडच्या स्विफ्ट किंवा आय-२० सारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांतही डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पेटीतच असतो, मात्र तिथे साधे तिरप्या दातांचे गिअर असतात, हायपॉइड नाही. तिथे जीएल-५ कशासाठी?

ईको आणि बोलेरोची गोष्ट निराळी. मागची चाकं ओढतात, त्यामुळे गिअरबॉक्स वेगळा, मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियल वेगळा, दोघांची ऑइलं वेगळी. तेव्हा भावा, तुझा डबा फुकट गेला नाही. मॅन्युअलमध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीपुस्तकात, मागच्या ॲक्सलसाठी दिलेला नंबर जुळत असेल तर तो तिकडे घाल. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअलच्या त्या पानावर जो वर्ग आणि जो नंबर छापलाय तोच. दुकानदार म्हणाला “एकच असतं हो” तरी तोच.

बाकीचे मुद्दे तितके खोल नाहीत, पण डिझेलवर थांबावंच लागेल.

डिझेल ओतून गाडी गिअरमध्ये चालवायची हा प्रकार काही गॅरेजमध्ये खरंच चालतो, मी पाहिलाय. लोक खूश होतात कारण बाहेर पडणारं डिझेल काळं दिसतं. अरे, पण ते चालवताना बेअरिंग आणि दात कशावर फिरतायत? डिझेलचा थर ना जाड ना टिकणारा. इंजिनमध्ये जळणाची काजळी ऑइलमध्ये उतरते, तिथे धुण्याबिण्याचा विचार तरी समजू शकतो. गिअरबॉक्समध्ये काही जळतच नाही. तिथला कचरा म्हणजे दात आणि रिंगांची झीज, आणि ती बरीचशी गरम ऑइलबरोबर निघून जाते. म्हणून ऑइल काढायच्या आधी गाडी थोडी फिरवून आणायची, एवढंच फ्लशिंग पुरे. डिझेल कोपऱ्यात थोडंफार उरतंच, ते नव्या ऑइलला पातळ करतं. महागडं ऑइल आणून पहिल्याच दिवशी त्यात भेसळ करायची, याला काय म्हणावं!

धुण्यापेक्षा ड्रेन बोल्ट नीट बघा. बऱ्याच बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा चिखल असेल तर घाबरायचं कारण नाही, तो फडक्याने पुसून टाका. टोचणारी चकती, दाताचा तुकडा मिळाला तर गाडी चालवू नका. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते ऑइलमध्येच सोनेरी चमक होऊन तरंगतं. जुनं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात तिरपं धरा, दिसेल.

‘सीलबंद, जन्मभराचं.’ काही कंपन्या बदलायची मुदत देत नाहीत हे खरं, आणि मेसेजवाल्याला हे कुठून कळलं तेही समजतं. पण बाकीच्या देतात, कुठे ४० हजार किलोमीटर, कुठे त्याच्या दुप्पट. घाटात, पूर्ण भाराने चालणाऱ्या गाडीला त्याहून लवकर. आणि सीलबंद तर गिअरबॉक्स नसतोच. तापल्यावर आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वर ब्रीदर असतो. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडला की आतली हवा एकदम आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणच्या माणसाला ‘सीलबंद आहे, पाणी जाणार नाही’ असं सांगणं म्हणजे कमालच आहे. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. इंजिन ऑइलबरोबर गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचंही ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय.

१४० नंबरने आवाज दबतो. हो, दबतो. जुन्या गाड्या विकणाऱ्यांचा आवडता उपाय आहे तो. बेअरिंग मात्र होतं तसंच खराब राहतं. शंभर अंश तापमानाला ९० नंबरचा घट्टपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक), १४० चा २४ च्या वर. डिसेंबरच्या पहाटे असं ऑइल सिंक्रोच्या आट्यांमधून बाजूला व्हायलाच तयार नसतं, पहिला-दुसरा टाकताना हात भरून येतो. ज्या गाडीला कंपनीने ७५डब्ल्यू-८० सारखं पातळ ऑइल सांगितलंय तिच्यात हे घातलं तर बोलायलाच नको.

याच आकड्यांवरून इंजिन ऑइलचाही गैरसमज होतो. ९० हा ४० च्या दुपटीहून जाड, असं मेसेज म्हणतो. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. इंजिन ऑइलचा ४० नंबर शंभर अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतो, म्हणजे गिअर ऑइलच्या ९० च्या अगदी शेजारी. आणि हो, इंजिन ऑइल गिअरबॉक्समध्ये चालल्याची उदाहरणं आहेत. जुन्या ब्रिटिश मिनी गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालायचे. होंडाच्या कितीतरी जुन्या माहितीपुस्तकांत लिहिलंय की त्यांचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) मिळालं नाही तर तात्पुरतं इंजिन ऑइल घाला. मात्र लगेच पुढे हेही लिहिलंय की त्यात योग्य रसायनं नसतात, गिअर जड होतील, सोय होताच बदला. मेसेजवाल्याने पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

वासाचं एका ओळीत: नव्या गिअर ऑइलचा तो उग्र, सडकट वास गंधकाचा असतो, नकलीपणाचा नाही. करपट वास आला तर मात्र चौकशी करा.

मेसेजमध्ये नाही, पण भावाने विचारलंय म्हणून. गिअर जड पडतात म्हणजे ऑइलच खराब, असं समजू नकोस. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघ. बंद असताना अलगद पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल नाहीतर क्लच बघ. आणि रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतोच. क्लच दाबून दोन सेकंद थांबायचं, मग टाकायचा.

राहिलं ‘थोडं जास्तच भरा’. भरायचा बोल्ट गिअरबॉक्सच्या कुशीत असतो. गाडी सपाट जागेवर उभी करून त्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरायचं आणि ओघळ थांबला की बोल्ट लावायचा. गाडी एका बाजूने जॅकवर चढवून, हिशोब चुकवून जास्त कोंबलं तर गिअर ते घुसळून फेस करतात, दाब वाढतो, सील गळायला लागतं आणि इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचं) सील गेलं तर ऑइल थेट क्लच प्लेटवर. दोन्ही बोल्टचे वॉशर नवे घाल, वीस-तीस रुपयांसाठी जुने दाबत बसू नकोस. आणि ड्रेन बोल्टला पाना लावायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघ. गंजून बसलेला असतो तो कधीकधी. खालून सगळं ऑइल काढलं आणि वरचा सुटलाच नाही, तर गाडी तिथेच अडकली, टोचन लावूनसुद्धा मागची चाकं उचलल्याशिवाय नेता येणार नाही.