टॉम क्रूझने एफ-१८ उडवलं नाही, आणि पेंटागॉनने पैसेही दिले नाहीत

२०२२ च्या 'टॉप गन: मॅव्हरिक'बद्दल एक मेसेज फिरतोय, की अमेरिकन नेव्हीने पिक्चरला पैसा पुरवला आणि टॉम क्रूझने फायटर जेट स्वतः चालवलं. दोन्ही चूक. पैसे उलट दिशेने गेले, विमानाच्या भाड्यापोटी निर्मात्यांनीच तासाला जास्तीत जास्त ११,३७४ डॉलर मोजले. क्रूझकडे पायलटचं लायसन्स आहे हे खरं, पण बाहेरच्या माणसाला लष्करी विमानाचे कंट्रोल देत नाहीत, त्यामुळे नट मागच्या सीटवर आणि चालवणारे नेव्हीचे पायलट.

आता फॅन लोक म्हणतात, 'बघा, नुसतं भाडं होतं, प्रोपगंडा कसला!' थांबा जरा. भाडं दिलं म्हणजे विषय संपत नाही ना, करारात स्क्रिप्ट तपासायची आणि आपले मुद्दे त्यात बसवायची सोय संरक्षण खात्याने, म्हणजे पेंटागॉनने, करून घेतली होती, आणि खरी किंमत तीच, डॉलर वगैरे किरकोळ. पटलं नाही तर ते हात काढून घेतात, २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मधून असेच बाहेर पडले, कारण काय तर पिक्चरमधली ती शील्ड नावाची काल्पनिक संघटना नक्की कुणाच्या हुकमाखाली चालते तेच त्यांना कळेना!