पाच ते पस्तीस अंशांचं होम थिएटर

स्वस्तातल्या ब्लू-रे प्लेअरच्या, म्हणजे डीव्हीडीपेक्षा बारीक चित्राच्या डिस्क चालवणाऱ्या यंत्राच्या, माहितीपुस्तिकेत अगदी शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात एक ओळ असते: वापराचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस. नागपूरकराने सगळ्यात आधी ही ओळ वाचावी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. नियमाने बोलायचं तर हे यंत्र दसऱ्याला लावायचं आणि होळी पेटली की पुसून कपाटात ठेवायचं. उरलेले महिने ते चालतं, ते कंपनीच्या नाही, कूलरच्या भरवशावर.

आणि कूलर आला की होम थिएटर जातं. पडद्यावर पाऊस पडतोय, तो मागच्या डाव्या स्पीकरमधून ऐकू येतोय की पंपाचं पाणी वाळ्यावर पडतंय, हे भल्याभल्या कानांना कळत नाही. अशा वेळी मेनूत ‘डीआरसी’ नावाचं सेटिंग शोधावं. ते हळू संवाद वर उचलतं आणि स्फोट खाली दाबतं. शौकीन मंडळी याला पाप मानतात. मी म्हणतो, एप्रिल ते जून सगळं माफ आहे. मात्र प्लेअर आवाज न उलगडता तसाच बिटस्ट्रीममध्ये पुढे पाठवत असेल, तर हे सेटिंग रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या खोक्याच्या, मेनूत शोधावं लागतं.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाऊन प्लेअर मागितला की पहिलं वाक्य ठरलेलं: “भाऊ, डिस्क कोण पाहते आता? सगळे मोबाईलवर पाहून राहिले.” त्याचंही खोटं नाही. ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं आवरतं घेतलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवी मॉडेलं थांबवली, एलजीनेही २०२४ मध्ये हात झटकले. त्यामुळे समोर येणारा खोका बराच काळ दुकानात झोपलेला असू शकतो. खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि साल वाचा, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरणार ना, हे बिलावर लिहून घ्या. ‘ते तं धरतेच’ यावर थांबू नका.

मग दुकानदार सगळ्यात मोठ्या टीव्हीवर समुद्रातले मासे लावून दाखवतो आणि म्हणतो, पाहा पिक्चर! इथेच लोक फसतात. चित्रावरून स्वस्त प्लेअर पारखताच येत नाही. डिस्कवरचं १०८०पी चित्र उलगडायचं आणि एचडीएमआयमधून जसंच्या तसं बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते स्वस्त-महाग सगळेच नीट करतात. मासे झळकतात ते टीव्ही दुकानी ‘व्हिव्हिड’ मोडवर आहे म्हणून. फरक पाहायचाच असेल तर साधी पॅल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची, डीव्हीडी लावा. तिच्यात ७२० बाय ५७६ ठिपके असतात आणि त्यांचे १९२० बाय १०८० करताना प्लेअरची अक्कल उघडी पडते. तिरक्या रेषा, म्हणजे जिन्याचा कठडा किंवा विजेच्या तारा, पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात का ते बघा. शेवटची नामावली वर सरकताना अक्षरांना कंगव्याचे दात फुटतात का तेही बघा. दुकानदार जांभया देईल, देऊ द्या.

खरी काटकसर कंपनीने दुसरीकडे केलेली असते. पुढच्या बाजूला आकडे दाखवणारी पट्टीच नसते, फक्त एक दिवा. तो लागलाय म्हणजे काय चाललंय, हे त्यालाच ठाऊक. वीजपुरवठा आत नसून बाहेर १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, जो बोर्डावरच्या दोन सॉकेटांची जागा एकटा अडवतो. खोक्यात एचडीएमआय केबल नसते. आणि प्रोसेसर विचार करून राहिलेला असतो.

या विचाराला मोबाईलचं घड्याळ लावा. ट्रे आत गेल्यापासून पहिलं हलतं चित्र येईपर्यंत किती सेकंद? ब्लू-रेचे फिरते, उडते मेनू जावा या संगणकी भाषेत लिहिलेले असतात आणि असा मेनू उभा करताना गरीब प्लेअरला मिनिट-मिनिट लागतं. त्यापुढे चोरीविरोधी सूचना, तीही पुढे ढकलता न येणारी. हे एकदा सोसता येतं. दुसऱ्यांदा सोसायची वेळ येते ती लाइन गेल्यावर. जावा मेनूच्या बऱ्याच डिस्क आपण कुठे होतो ते लक्षात ठेवत नाहीत. मध्यंतरापर्यंत आलेला पिक्चर पुन्हा सूचनेपासून सुरू होतो. म्हणून प्लेअर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर ठेवा. त्याची भूक दहा-पंधरा वॅटच्या आसपास असते. टीव्ही जाईल, पंखा जाईल, पिक्चर तुमच्याशिवाय थोडा पुढे सरकेल. मागे घेता येतो.

यूपीएसचा खरा उपयोग फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलताना आहे. डिस्कवरच्या कुलपांच्या किल्ल्या बदलत राहतात, त्यामुळे नवी डिस्क जुन्या फर्मवेअरला ओळखच दाखवत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, झिप उघडून आतली फाइल कंपनीने सांगितलेल्या जागी ठेवायची, नाव अजिबात बदलायचं नाही, आणि ‘पूर्ण झालं’ असं येईपर्यंत घरातल्या कुणालाही मेन स्विचजवळ फिरकू द्यायचं नाही. मध्येच लाइन गेली तर प्लेअर पेपरवेट होतो.

आवाजाच्या बाबतीत सगळ्यात मोठा खड्डा जुन्या ५.१ सेटचा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा. मागे लाल-पांढऱ्या अशा सहा पिनांच्या जागा असतात आणि मालकाची समजूत असते की सहा वायरी लावल्या की झालं. स्वस्त प्लेअरला सहा पिना नसतात, बऱ्याच जणांना दोनसुद्धा नसतात. मधे आवाज उलगडून सहा वाटांनी सोडणारा डीकोडर घ्यावा लागतो आणि तो खर्च प्लेअरच्या किमतीत आधीच धरावा. डीकोडरला कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल वायर लावली की प्लेअरच्या मेनूत ‘पीसीएम’ सोडून ‘बिटस्ट्रीम’ निवडायचं. पीसीएमवर, म्हणजे आवाज प्लेअरनेच उलगडल्यावर, त्या वायरीतून फक्त दोन चॅनल जातात. सेंटर आणि मागचे दोघं भिंतीवर शोभेला राहतात. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे काहीही न गाळलेले आवाज त्या वायरीत मावतच नाहीत, त्यांना एचडीएमआयवाला रिसीव्हरच लागतो. रिसीव्हर असूनही त्याच्यावर नुसतं ‘डॉल्बी डिजिटल’ उमटत असेल, तर मेनूतलं ‘बीडी ऑडिओ मिक्स’ किंवा ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करा. दहातल्या नऊ तक्रारी इथेच मिटाव्यात, असा माझा अंदाज.

‘२४पी’ ऑटोवर ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीवर तो बसवताना एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवलं जातं आणि कॅमेरा आडवा फिरला की दृश्य ठेचकाळतं.

अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेल्या डिस्कांचं काय? अमेरिका ब्लू-रेच्या ‘ए’ विभागात, आपण ‘सी’ विभागात. डीव्हीडीत अमेरिका १, आपण ५. पुष्कळ डिस्क सगळीकडे चालतात, पण भाचा नेमकी न चालणारीच पाठवतो. फोरके ब्लू-रेला विभागांची भानगड नाही, पण ती या प्लेअरमध्ये वाचली जाणारच नाही. भाच्याला पेढेवाल्या शुभेच्छा द्या आणि विषय बदला.

यूएसबीवर मराठी उपशीर्षकं लावली की बहुतेक स्वस्त प्लेअर चौकोन चौकोन दाखवतात. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साच्यात ठेवूनही आत देवनागरी फॉन्टच नसेल तर इलाज नाही. दुकानातच पाहून घ्या.

आता बोटं. ब्लू-रेची माहिती डिस्कच्या पृष्ठापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीची ०.६. वरचा थर कडक असतो, पण तर्री-पोह्याचा हात त्याला गृहीत धरलेला नाही. मऊ सुती कापड पाण्यात किंचित ओलं करून मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डीव्हीडी छान चालते आणि ब्लू-रे ‘अनोळखी डिस्क’ म्हणते, तेव्हा बहुधा निळा ४०५ नॅनोमीटरचा लेझर दमलेला किंवा त्याच्या भिंगावर कूलरमागची धूळ बसलेली असते. डीव्हीडीचा ६५० चा लाल लेझर वेगळा, तो तरतरीत राहतो.

घरातली परीक्षा मात्र या कशावरच होत नाही. ती लग्नाच्या व्हीसीडीवर होते. बरेच ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचत नाहीत, म्हणून ती दुकानात खिशात हवीच. वाचली, तर ३५२ बाय २८८ ठिपक्यांची वरात पंचावन्न इंचांवर पसरते आणि मोठ्या काकू कोणत्या, आहेराचं पातेलं कोणतं, यावर वाद होतो. नाही वाचली, तर संगणकावर डिस्कमधलं ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर उघडा, आतल्या ‘.डीएटी’ फाइलची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि शेवट बदलून ‘.एमपीजी’ करा. पुष्कळ प्लेअर एवढ्याने ऐकतात. काकूंचा प्रश्न तेवढा राहतो.