काही लोक

आमच्या सोसायटीत वीस फ्लॅट आहेत, पाच मजले आहेत, एक लिफ्ट आहे आणि 'काही लोक' आहेत. हे काही लोक रात्री अकरानंतर खुर्च्या सरकवतात, ओला-सुका कचरा एकाच पिशवीत कोंबतात आणि दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये 'दोनच मिनिटं' म्हणून लावलेली स्कूटर सकाळी काढतात. ते कितव्या मजल्यावर राहतात, हे वॉचमनपासून कचरेवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचं नाव कोणी घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. "काही लोकांना साध्या गोष्टी कळत नाहीत, आपण तरी काय करणार! असो." एवढं लिहायचं आणि खाली जोडलेले हात ठेवायचे. त्या 'असो'मध्ये जेवढा राग मावतो, तेवढा अस्सल शिवीतही मावत नाही.

या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सहा चालू असताना मी बटाटेवडे आणायला उठलो. परत आलो तर टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं, वड्यांसाठी आहेत.

सुरुवातीला उत्साह दांडगा होता. पहिल्याच रविवारी बसून अकरा कलमी नियमावली लिहिली. सुप्रभात पाठवू नये, राजकारण नको, खात्री केल्याशिवाय काही पुढे ढकलू नये, वैयक्तिक बोलणं वैयक्तिक करावं वगैरे. नियमावली टाकल्यावर मिनिटभरात ३०२चे काका पावले. त्यांनी दवबिंदू पडलेला गुलाब पाठवला आणि खाली लिहिलं, "सुंदर विचार! सुप्रभात."

तिसरं कलम बिबट्याने मोडलं. घोडबंदर रोडला लागून येऊरचं जंगल आहे आणि तिथे बिबटे खरेच आहेत, त्यामुळे ठाण्यात बिबट्याची अफवा कायम अर्धी खरी असते. दर पावसाळ्यात आमच्याकडे एका कंपाउंडच्या भिंतीवर बसलेल्या बिबट्याचा तोच तो फोटो येतो. एकदा ती भिंत मानपाड्याची होती, एकदा कासारवडवलीची. वाघबीळची तर दोनदा झाली, नावाचा मान म्हणून असेल. यंदा बिबट्या थेट नौपाड्यात, आमच्या मागच्या गल्लीत आला. मेसेजवर दोन बाण होते. म्हणजे हा बऱ्याच हातांतून फिरून आलेला माल आहे, असं व्हॉट्सअ‍ॅपच सांगत असतं. मी तसं नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यावर उत्तर आलं, "एवढ्या लोकांनी पाठवलाय म्हणजे खराच असणार ना!" यापुढे बिबट्याने काय करावं?

अंगठ्याची तऱ्हा तर याहून न्यारी. सेक्रेटरींनी लिफ्टच्या दुरुस्तीचं कोटेशन टाकलं, त्यावर अकरा अंगठे पडले. बहुमत झालं असं समजून त्यांनी काम दिलं. वर्गणी मागायला गेले तेव्हा अकरापैकी सात जण म्हणाले, "अंगठा म्हणजे वाचलं." उरलेल्या चौघांतल्या एकाच्या नातवाने फोन घेतला होता. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या सौद्याच्या कराराच्या फोटोवर असाच अंगठा पाठवला होता. त्याचंही म्हणणं, मी फक्त पोचपावती दिली. २०२३मध्ये तिथल्या न्यायालयाने तो अंगठा म्हणजे सही धरली आणि त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरायला लावले. ही बातमी मी ग्रुपवर टाकली. तिच्यावर चौदा अंगठे पडले.

एक गोष्ट मात्र अ‍ॅडमिन झाल्यावरच कळली. मराठी माणूस चिडत जातो तसतसा सभ्य होत जातो. गोडी असते तोवर 'अरे, पंप बंद कर की' असतं. जरा बिनसलं की 'अहो, पंप बंद कराल का' होतं. त्यापुढे 'आपण' येतो, 'आपण'च्या मागोमाग 'कृपया' आणि त्याच्याही पुढे 'नम्र विनंती'. 'सन्माननीय सभासद' असे शब्द दिसले की मी गॅसवर चहाचं आधण ठेवून मगच वाचायला घेतो, कारण मजकूर लांबणार असतो. इंग्रजीत म्हणे सगळं मोठ्या लिपीत लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं. देवनागरीला ती सोय नाही, म्हणून आपण उद्गारचिन्हांवर भागवतो. २०१च्या आजोबांनी पाण्याच्या टाकीवरून एकदा एका ओळीत नऊ दिली होती. नुसती नजर टाकली तरी कुंपण घातल्यासारखं वाटत होतं.

हे सगळं मी बाहेरून बघत होतो, तोवर मजेत होतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने झोडपलं आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं. लिफ्टवाला म्हणाला, पाणी उपसून, वायरिंग सुकवून मगच चालू करणार. चार दिवस धरा. ही बातमी ग्रुपवर देणं माझं काम. नुसती द्यायची तर दिली असती. पण म्हटलं, लोक वैतागलेत, जरा हलकंफुलकं लिहू. लिहिलं: "लिफ्ट चार दिवस बंद. गणपतीआधी पोटं आत घेण्याची सुवर्णसंधी! चौथ्या मजल्याने विशेष लाभ घ्यावा."

माझा रोख होता ४०१च्या गृहस्थांवर. ते तिसऱ्या मजल्यावर पेपर मागायला जातानाही लिफ्ट बोलावतात. पण नाव कसं घेणार! म्हणून मजला लिहिला. आणि त्याच मजल्यावर ४०२मध्ये बाई राहतात. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. माझी मुलगी त्यांच्या हाताखालून गेली, त्यामुळे आमच्या घरी त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. मे महिन्यात बाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, गुडघाच बदलला. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो होतो. हे सगळं मला आठवलं ते मेसेज गेल्यावर, आणि तेही आपण होऊन नाही.

दहा मिनिटांनी बाईंनी लिहिलं: "काही लोकांना दुसऱ्याच्या दुखण्यात विनोद दिसतो. संस्कार विकत मिळत नाहीत. असो."

त्याखाली १०४ने जोडलेले हात ठेवले. ३०३ने लिहिलं, "अगदी बरोबर बोललात बाई." ज्यांच्यासाठी विनोद केला त्या ४०१च्या गृहस्थांनी तर कमाल केली. "अ‍ॅडमिनसारख्या जबाबदार व्यक्तीकडून ही अपेक्षा नव्हती."

माझी मुलगी ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. ती घरी आली तेव्हा मी सोफ्यावर निषेधाचे मेसेज मोजत होतो. तिने मूळ मेसेज वाचला आणि म्हणाली, "बाबा, पुढे हसरा चेहरा टाकायचा ना." मी म्हटलं, विनोदाला पाटी लागली तर तो विनोद कसला? त्यावर तिने सांगितलं की ती पाटी शोधली गेली तीच लिफ्टपायी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या गप्पांत कोणीतरी थट्टेने लिहिलं की एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरंच वाटलं. मग १९ सप्टेंबरला स्कॉट फाल्मन नावाच्या संगणकतज्ज्ञाने सुचवलं की विनोद असेल तिथे अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस अशी खूण करावी. मान वाकडी करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. थोडक्यात, लिफ्टवरचा विनोद अंगाशी येतो, हे जगाला चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. नौपाड्यात पोचायचं राहिलं होतं.

"आणि आता लगेच काही लिहू नका," ती म्हणाली. इंटरनेटवर कसं वागावं याचं एक टिपण १९९५च्या ऑक्टोबरमध्ये निघालं होतं म्हणे. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं, आरएफसी १८५५. त्यात स्पष्ट म्हटलंय की भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबून पाठवावं. मला पटलं. फक्त रात्रभर थांबायचं तर काय थांबवायचं तेही लिहून ठेवायला हवं. मी माझ्याच नंबरवर टिपण म्हणून लिहून ठेवायचं ठरवलं. वाणसामानाची यादी मी तशीच ठेवतो.

रात्री अकरा चाळीसला लिहायला घेतलं. शब्द असे सुचत होते की मीच चकित झालो. लिहून पाठवलं, समाधानाने चष्मा काढला आणि पाहतो तो वर माझं नाव नव्हतं, सोसायटीचं होतं.

घाम फुटणे म्हणजे काय ते सांगतो. पहिल्यांदा कानामागे फुटतो. पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायला हल्ली दोन दिवस बारा तास मिळतात. मला दोन सेकंदही पुरले असते. मेसेज दाबून धरला, पर्याय आले आणि चष्म्याविना मी 'फक्त माझ्यासाठी डिलीट' दाबलं. ही चूकही सुधारता येते; त्यासाठी पाच सेकंद 'अनडू' दिसतं. त्या पाच सेकंदांत मी चष्मा शोधत होतो. तो माझ्या हातात होता.

आता परिस्थिती अशी की माझ्या फोनवर ग्रुप स्वच्छ, निर्मळ. उरलेल्या छत्तीस फोनांवर मजकूर शाबूत. दुसरे अ‍ॅडमिन म्हणजे सेक्रेटरी. ते पुसू शकले असते, पण ते भातलावणीला राजापूरकडे गेलेले, फोन लागेना. बायकोच्या फोनवर बघावं, तर ती मार्चमध्येच ग्रुप सोडून गेली. कोणी ग्रुप सोडला की त्याची सूचना हल्ली फक्त अ‍ॅडमिनलाच येते. मला दिसलं होतं, पण घरात विषय काढायची हिंमत झाली नाही. माझ्या फोनवर नुसती उत्तरं पडत होती, ज्यांना प्रश्नच नव्हता. ४०१: "वा!" २०४: "तीव्र निषेध." १०२: "काय झालं?" मग १०२नेच: "अरे बापरे."

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलंय की सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं, तर एरवी त्यासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. हा निकाल मी अ‍ॅडमिन झालो तेव्हाच धीरासाठी वाचून ठेवला होता. स्वतः अ‍ॅडमिनच सुटला तर काय, हा मुद्दा तिथे कोणी काढलेला नव्हता.

सकाळी साडेसहाला दूध आणायला उतरलो तेव्हा जिना रिकामा होता. चढताना चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बाई हातात काठी आणि गळ्यात दोरीचा चष्मा, अशा उभ्या.

"थांबा जरा."

मी दुधाची पिशवी छातीशी धरून थांबलो. "बाई, रात्री चुकून..."

"काय लिहिलंय आठवतंय का?"

"पूर्ण नाही. माझ्याकडून ते गेलंय."

"माझ्याकडे आहे." त्यांनी फोन लांब धरला, चष्मा नाकावर घेतला आणि तासाला धडा वाचावा तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली. आवाज जिन्यात घुमत होता. खाली कोणाची तरी पावलं थबकलेली मला ऐकू आली. "सन्माननीय बाई, काही लोकांची अक्कल गुडघ्यात असते, असे ऐकून होतो. तसे असेल तर गुडघा बदलल्यावर अक्कलही नवी यायला हवी होती. असो."

मी दुधाकडे पाहत राहिलो.

"कोटी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "स्वतःची?"

"हो."

"दहापैकी नऊ दिले असते. पण गुडघा दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा चुकलाय. 'गुढगा' लिहिलंय तुम्ही. ड आधी, घ नंतर. गुडघ्यात ढ नसतो."

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ढ कुठे असतो, ते त्यांनी सांगितलं नाही. तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना माहीत असणार की विद्यार्थ्याला ते आपोआप कळतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "गुडघ्याचं लक्षातच आलं नाही कालच्या मेसेजच्या वेळी. ४०१ना उद्देशून होता."

"४०१ ना! मग नाव का नाही घातलं? मीपण हसले असते." त्यांनी काठी दाराला टेकवली. "दूध आणलंच आहे तर आत या. माझं नासलंय. आणि खाली कोण आहे तिसऱ्या मजल्यावर, त्यांनाही बोलवा, ताटकळलेत बिचारे."

पावलं झरझर खाली गेली.

चहा पिऊन मी पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत फोन वाजला. ग्रुपवर बाई होत्या. "काही लोक आज सकाळी आमच्याकडे चहा पिऊन गेले. दूध त्यांचंच होतं. असो." पुढे अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस. मुलीने शिकवलं असणार.

त्यावर आठ अंगठे पडले आहेत. ३०२च्या काकांचा गुलाब आला आहे. ४०१ने विचारलंय, "लिफ्ट कधी सुरू होणार?"