खुलासा : इन्हेलर बंद करू नका

'इन्हेलरमधला वायू पृथ्वी तापवतो, म्हणून दमेकऱ्यांनी तो सोडावा,' असा मजकूर फिरतो आहे. त्यातला पहिला भाग खरा, दुसरा जिवावर बेतणारा.

दाबून फवारा मारायच्या बहुतेक पंपांत औषध ढकलायला एचएफसी-१३४ए वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट उष्णता धरतो. कोरड्या पावडरीच्या इन्हेलरमध्ये हा वायू नसतोच. औषध रुग्णाच्याच श्वासाने आत ओढलं जातं. पण तेवढा जोर लहान मुलांना, किंवा दम लागलेला असताना अनेकांना जमत नाही. म्हणून बदल डॉक्टरांना विचारूनच करा. औषध तोडलं की दमा बळावतो, रुग्णालय गाठावं लागतं, आणि तिथला कार्बनखर्चही कमी नसतो.

मुळात दोष रुग्णाच्या माथी का मारायचा? २०१९च्या एका जागतिक अहवालानुसार पृथ्वी तापवणाऱ्या वायूंच्या जगभरच्या निव्वळ उत्सर्जनात आरोग्यक्षेत्राचा वाटा ४.४ टक्के आहे. त्यातला ७१ टक्के भाग पुरवठा साखळीतून, म्हणजे औषधं, उपकरणं यांच्या उत्पादन-वाहतुकीतून येतो. जाब तिथे विचारा.

आणि हो, मात्रा संपल्यावरही डबीत वायू उरतो. ती फोडू किंवा जाळू नका.