बायकांनी मत मागितलंच नव्हतं म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. नागपूरच्या धरमपेठेतल्या काकांनी टाकला, आत्यानं हात जोडलेली चित्रं लावून पुढे ढकलला, आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली भाची मला विचारते, "मावशी, हे खरं आहे का गं?" मेसेजचं म्हणणं असं: परदेशातल्या बायका मतासाठी तुरुंगात गेल्या, आपल्याकडे कोणी मागितलंच नाही. इंग्रजांनी 1935 साली आयतं दिलं. पहिल्या निवडणुकीत 28 लाख बायकांनी मतदार यादीत नाव द्यायलाच नकार दिला, म्हणजे त्यांना मत नकोच होतं. आणि तशाही बायका नवरा सांगेल तिथंच मत देतात.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण पोरीला उत्तर द्यायलाच हवं.

मागितलं नाही? मग डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन मद्रासला ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्री माँटेग्यूंना भेटल्या, त्या काय इडली-सांबार खायला गेल्या होत्या? पुढे मताचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीनं बायकांना मत नाकारलं, तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन 1919 मध्ये थेट लंडन गाठून संसदेच्या समितीपुढे बोलल्या. इंग्रजांनी काय केलं, तर निर्णय प्रांतांच्या गळ्यात टाकून हात झटकले. मद्रास आणि मुंबईनं 1921 मध्ये दार उघडलं. नागपूर ज्यात होतं त्या आपल्या मध्य प्रांताला 1927 उजाडलं. म्हणजे 1935 चा मुद्दा इथंच निकालात. त्या कायद्यानं मतदार वाढले खरे, पण बाईला एक तर लिहिता-वाचता यायला हवं, नाहीतर मालमत्ता हवी, नाहीतर मालमत्तावाल्याची बायको किंवा विधवा असायला हवी. एवढ्या चाळणीतून देशभरात साठेक लाख बायका खाली आल्या. आयतं म्हणे!

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. सर्वांना मत मिळालं ते राज्यघटनेच्या कलम 326 नं, बायकांना आणि पुरुषांना एकदमच. त्या वेळी बायकांना वेगळं भांडावं लागलं नाही. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशपातळीवर मत मिळायला 1971 उजाडलं.

आता ते 28 लाख. माझं डोकं फिरलं ते इथं. आकडा खोटा नाही. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अहवालातच तो आहे. पण मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढाच उचलला आणि भोवतालचं सगळं सोडलं. झालं असं की यादी करणारा माणूस दारात यायचा, आणि आतून उत्तर मिळायचं, अमक्याची बायको, तमक्याची आई. परक्या पुरुषाला बाईचं नाव सांगायची रीतच नव्हती. आपल्याकडच्या खेड्यांत आजही 'गंग्याची माय' म्हणूनच हाक मारतात की! आयोगानं सांगितलं, असं चालणार नाही, प्रत्येकीचं स्वतःचं नाव हवं. बिहारला त्यासाठी महिनाभर वाढवूनही दिला. तरी ज्यांची नावं मिळाली नाहीत त्या वगळल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागांतल्या. यात त्या बाईनं मत नाकारलं कुठं? बहुतेक ठिकाणी तिला कोणी विचारलंही नसेल. आणि एकूण मतदार बायका होत्या आठेक कोटी. शंभरात साडेतीन गळल्या; उरलेल्या साडेशहाण्णव जणींबद्दल मेसेज गप्प.

त्याच निवडणुकीत नागपूरनं अनसूयाबाई काळे यांना लोकसभेत पाठवलं, 1957 मध्ये पुन्हा पाठवलं. त्या 1937 मध्येच मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती झाल्या होत्या. आणि 20 जुलै 1942 ला याच शहरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, स्वतः बाबासाहेब भाषणाला. कायदेमंडळात बायकांना जागा हव्यात, हा ठराव तिथं झाला. काकांच्या घरापासून हे काही सातासमुद्रापार नाही.

राहिला नवऱ्याचा मुद्दा. 1952 ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि मतपत्रिका आडोशाला जाऊन एकटीनं पेटीत टाकायची होती. कुणी कुठं टाकली हे मेसेजवाल्याला कसं कळलं? बायकोनं घरी येऊन सांगितलं असेल, आणि त्यानं विश्वास ठेवला असेल.