पाडण्याआधी भिंत तर खरवडा

गेल्या महिन्यात भावंडांच्या ग्रुपवर सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा विषय पुन्हा निघाला. मागची भिंत ओलीने फुगली आहे, बिल्डर मागे लागला आहे. मी 'घाई नको' म्हटल्यावर दादाने सुनावलं, "तुला इंग्लंडात बसून बोलायला काय जातंय? साहेबाकडे पैसा आहे, तो जुनी घरं सांभाळतो."

इथे सफोकमध्ये आम्ही भाड्याने राहतो ते अठराव्या शतकातलं शेतघर आहे. दर्शनी भिंत लाल विटांची. एक वीट लांबीने, पुढची टोकाने, अशी वीण थेट छपरापर्यंत. आत मात्र त्याहून जुना ओकचा सांगाडा आहे. आमच्या वाड्यातही भार सागवानी खांबांवरच आहे, म्हणून हे घर मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. मागच्या गोठ्याच्या विटा जास्त जाड आहेत. 1784 साली सरकारने विटांवर नगावर कर बसवला, तेव्हापासून अनेकांनी मोठ्या विटा पाडायला सुरुवात केली. तो कर 1850पर्यंत होता.

गेल्या उन्हाळ्यात गवंडी आला. पूर्वी कुणीतरी विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. तिथल्या विटांचे पापुद्रे सुटले होते, बोट लावलं की लाल भुगा पडायचा. सिमेंटच्या रेघा मात्र शाबूत. त्याने आठवडाभर छिन्नीने सिमेंट काढलं आणि चुन्याने दरजा भरल्या. चुना विटेपेक्षा मऊ असतो, ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट ती कोंडतं, मग थंडीत तिचा बर्फ होऊन वीट फुटते.

पुण्यात बर्फ नाही, पण पावसाळा आहे. आमच्याही मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, त्यानंतरच लोणा लागला आणि पोपडे निघू लागले. आपण चुन्याचं घर सिमेंटने गुदमरवतो आणि मग म्हणतो, वाड्याचं आयुष्य संपलं!

पैशाबद्दलचं दादाचं म्हणणं मला मान्य आहे. सफोकच्या या घराला मालक एकच आहे. आमच्या वाड्यात अकरा हिस्सेदार आहेत, शिवाय पिढ्यान्पिढ्या गोठलेलं भाडं. अशा जागी स्वखर्चाने डागडुजी कोण करणार? इथे घर संरक्षित यादीत असलं तर त्याचं रूप बदलेल असं काम परवानगीशिवाय करणं फौजदारी गुन्हा आहे. असा कायदा आमच्या वाड्यावर नुसता लादला तर दादावर अन्यायच होईल. हिस्सेदार आणि भाडेकरू यांचा खर्चाचा वाटा आधी ठरायला हवा.

पण भिंतीचा प्रश्न त्याआधीचा आहे. मी दादाला लिहिलं: बिल्डरला होकार देण्याआधी मागच्या भिंतीचं सिमेंट हातभर जागेत खरवडून घे. आतली वीट आणि खांबाचा बुंधा, दोन्हींचे फोटो पाठव.